रानकुळ : बुद्धी वजा दोन

रविवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२४, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. नागभीडच्या आमच्या घरी, जेवणे आटोपल्यावर, समोरच्या खोलीतल्या सतरंजीवर पाच माणसे फासे घेऊन बसली. मी, माझी पत्नी, मुलगा, मुलाचा शाळेपासूनचा मित्र आणि मुलाला जिच्याशी लग्न करायचे आहे ती मुलगी.

मुलगा गडचिरोलीला बँकेत आहे. मुलगी तिथेच गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. तिचे घर धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या गोंडांच्या गावात. सकाळच्या एसटीने ती एकटी आली होती. जेवायला बोलावले म्हणून आली, असे आम्ही सगळे म्हणत होतो. ती उत्तर न्यायला आली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते.

प्रश्न असा होता. मुलीकडच्यांनी आधी आमच्या दारी यावे, असे माझे म्हणणे होते. तिच्या समाजात उलट आहे. मुलाकडची वडीलधारी माणसे मुलीच्या दारी जातात आणि मागणी घालतात. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला होता, की मुलाचा बाप आला तर बसू, बोलू. नाही आला तर पोरीने हा विषय घरात पुन्हा काढू नये. दिवाळीपासून मी त्यावर काही बोललो नव्हतो. त्या दिवशी चहानंतर बोलणार होतो, आणि काय बोलायचे ते ठरले होते. ‘आमच्याकडे अशी रीत नाही.’ एवढे एकच वाक्य.

चहाला वेळ होता, म्हणून मुलाने खेळ काढला.

हा खेळ त्याने स्वतः रचला आहे. नागपूरला शिकत असताना त्याला असल्या खेळांचा नाद लागला. पट नसतो, सोंगट्या नावापुरत्या. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राच्या वतीने बोलायचे. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे काय करणार ते सांगतात, आणि जमले की नाही ते फासे ठरवतात. प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, समज आणि छाप. एकेका गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. वाईटात वाईट तीन, चांगल्यात चांगले अठरा. इथवर सगळे नशिबाचे.

त्यानंतर कुळ येते. मुलाने चार कुळे कल्पिली होती. रानात राहणारे रानकुळ, तळ्याकाठचे तळेकुळ, बाजारपेठेतले हाटकुळ आणि गढीवरचे गढकुळ. ज्या कुळात पात्र जन्मले त्याप्रमाणे त्याच्या गुणांत थोडे अधिक, थोडे वजा होते. त्याला तो कुळगुण म्हणतो. हा रकाना त्याने रिकामा ठेवला होता. पौषात एकदा घरी आला तेव्हा तो कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “बाबा, तुम्ही आयुष्यभर माणसं कामाला लावली. कोणाला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.”

त्याचा हेतू मला कळला होता. बापाला कशात तरी सामील करून घ्यावे, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. कळूनही मला बरे वाटले. निवृत्तीनंतर मला कोणी काही ठरवायला सांगितले नव्हते.

माझी नोकरी माजरीकडे, कोळशाच्या खाणीत, कामवाटपाच्या टेबलावर झाली. सकाळी माणसे समोर उभी राहत आणि कोण कुठे जाईल हे मी सांगत असे. नवीन माणसाला मी आधी गाव विचारी. गाव कळले की बाकीचे कळते, असा माझा समज होता आणि त्या समजाचा मला अभिमान होता. त्याच पद्धतीने मी मुलाचा रकाना भरला. रानकुळ: ताकद अधिक दोन, दम अधिक दोन, बुद्धी वजा दोन. तळेकुळ: चपळाई अधिक दोन, दम अधिक दोन, छाप वजा दोन. हाटकुळ: समज अधिक दोन, छाप अधिक एक, दम वजा एक. गढकुळ: बुद्धी अधिक दोन, छाप अधिक एक, ताकद वजा एक. प्रत्येक कुळाची बेरीज अधिक दोन येते. कोणावर अन्याय नाही, असे मी मानले. वैदूचे काम करायला बुद्धी पंधरा हवी, हा नियमही मीच घातला. पुठ्ठा कापून पत्ते केले आणि वळणदार अक्षरात लिहिले.

रविवारी सकाळी मुलाने पत्ते पाहिले. एका पत्त्यापाशी थांबला. “बाबा, हे असंच ठेवायचं?”

“बेरीज जुळते,” मी म्हणालो.

त्याने पत्ते पुन्हा एकावर एक रचले. मला विरोध करण्याची त्या घरात कोणाला सवय नाही.

दुपारी सर्वांत आधी मित्राने पत्ता उचलला. त्याच्या घरी तळ्याची मासेमारी आहे. तो स्वतः मोबाइलचे दुकान चालवतो. त्याने तळेकुळ घेतले आणि वाचून डोळे मोठे केले.

“छाप वजा दोन! काऊन जी काका? आमच्या अंगाले मासोळीचा वास येते म्हून का?”

सगळे हसले. मीही हसलो. पत्नीने हाटकुळ घेतले. “मले बजार करता येते, दुसरं काई येत नाई,” ती म्हणाली. मी गढकुळ घेतले. कोणते घ्यावे हा विचार मला करावा लागला नाही. बुद्धीसाठी फासे टाकले तेव्हा तीन, चार आणि दोन पडले. नऊ. कुळाचे दोन मिळवून अकरा झाले.

मग मुलीची पाळी आली. तिने बुद्धीसाठी फासे टाकले. सहा, पाच, पाच.

“सोळा!” मुलगा जवळजवळ ओरडला. “बुद्धीत सोळा. वैदू हो तू.”

“डॉक्टरीन बाईले फासे बी वळखतात राजा,” मित्र म्हणाला.

मुलगा का आनंदला ते मला तेव्हा कळले. गोष्ट त्याने तिच्यासाठी रचली होती. गढीवरच्या गुरांना साथीचा रोग झाला आहे, रान ओलांडून जायचे आहे, वैदूने रोग ओळखायचा आहे. आपल्या आईबापांसमोर ती एकदा तिच्या कामात दिसावी, एवढीच त्याची इच्छा असावी.

“कुळ कोणतं घेऊ?” तिने पत्ते पसरले. “रानकुळच घेते. घरचं आहे.”

तिने पत्ता मोठ्याने वाचला, कारण सगळे मोठ्याने वाचत होते. “ताकद अधिक दोन. दम अधिक दोन. बुद्धी...” ती थांबली नाही. “बुद्धी वजा दोन. म्हणजे चौदा.”

“वैदूले पंधरा लागते,” मित्राने नियमांच्या कागदावर बोट ठेवले. “गेली बापा! बाई, तुमची डिग्री कॅन्सल. उद्यापासून दवाखान्यात शेण काढा.”

तीही हसली. हसून झाल्यावर तिने विचारले, “कोणी लिहिलं हे?”

“मीच,” मुलगा म्हणाला. “घाईत झालं. बदलू या.”

मी समोरच बसलो होतो. माझा पत्ता माझ्या हातात होता आणि मी तो वाचत असल्यासारखा दिसत होतो. बोलायला पुरेसा वेळ होता. मी बोललो नाही. मुलाच्या नावावर माझी गोष्ट जात होती आणि मी ती जाऊ दिली.

पत्नीने ती अडवली. तिच्या मनात कौतुकच होते. “तूनं कुठी लिहिलं रे? ह्यायनं लिहिलं. पुठ्ठे कापत बसून राह्यले होते, जेवाले बी उठत नव्हते.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. “काका, वजा दोन बुद्धीतूनच का?”

“समतोलासाठी,” मी म्हणालो. “काही दिले तर काही काढावे लागते. बेरीज सगळ्यांची सारखी आहे.”

“बेरीज सारखी आहे,” ती म्हणाली. “पण गढीवाल्यांचं एकच काढलंय, तेही ताकदीतून. त्यांना काही उचलावं लागत नाही.”

इथे थांबता आले असते. मी म्हणालो, “माणसे जशी पाहिली तशी लिहिली.”

मित्राने आपला पत्ता पुन्हा उचलला आणि या वेळी मनातल्या मनात वाचला. मघाशी त्याने केलेली थट्टा थट्टा नव्हती, हे तो वाचून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर दिसले. पत्नीला काहीतरी बिनसले एवढे कळले. ती म्हणाली, “खेळच तं होय ना.”

“बदलू या,” मुलगा पुन्हा म्हणाला.

“नको,” मुलगी म्हणाली. “नियम आहे तसाच ठेवू. वैदू नाही तर हमाल होते मी. ताकद चांगली आली आहे.”

त्यानंतरचा खेळ तिने चोख खेळला. तिचा आवाज चढला नाही, तिने टोमणा मारला नाही. पत्त्यावर जे लिहिले होते तेवढेच ती करत गेली. सूत्रधार मुलगा होता; त्याने पुढे दोन वाटा असल्याचे सांगितले, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले, कारण रान तिचे. ती म्हणाली, “मला काय कळतं? दिवाणसाहेबांना विचारा.” दिवाण म्हणजे मी. मी वाट सांगितली. ती चुकली. नाल्याला पूर आला होता. पलीकडे कसे जायचे यावर मी एक युक्ती सांगितली; फाशांनी ती फेटाळली आणि माझे पात्र कमरेएवढ्या पाण्यात अडकले.

“बसा खांद्यावर, साहेब,” ती म्हणाली आणि ताकदीचे फासे टाकले. पंधरा पडले. पत्त्यावरचे अधिक दोन तिने मोजून मिळवले.

“बसा जी, बसा,” पत्नी हसत म्हणाली. “तसेबी गुडघे दुखतात तुमचे.”

मला खांद्यावर घेऊन ती नाला ओलांडून गेली. खेळातच. तरी मी सतरंजीवर जागा बदलून बसलो.

शेवटी आम्ही गढीच्या गोठ्यात पोचलो. मुलाने पुठ्ठ्याची लहान जनावरे मांडली आणि रोगाची लक्षणे सांगितली. तोंडाला फेस, घशाला सूज, श्वासाची घरघर. सांगताना तो तिच्याकडे पाहत होता. “कोणी ओळखतं का हे?”

पत्नीच्या हाटवालीने प्रयत्न केला. फासे पडले नाहीत. माझ्या दिवाणाची अकरा बुद्धीही कामाची नव्हती. मित्र म्हणाला, “बाई, सांगा ना आता. तुमाले तं मालूम आहे.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण मी खेळात नाही. खेळात हमाल आहे. तिला बुद्धी कमी.”

मुलाने पुठ्ठ्याची जनावरे एकेक करून आडवी केली. नियम तसाच होता.

चहा झाला. मित्राने दुकानातल्या गिऱ्हाइकाचा एक किस्सा सांगितला, पत्नीने लाखोळीच्या डाळीचे वडे आग्रहाने वाढले. मुलीने दोन घेतले आणि चांगले झाले म्हणाली. मग ती उठली. मुलगा गाडीची किल्ली शोधायला आत गेला. तो तिला बस स्टँडवर सोडणार होता. ती व्हरांड्यात चप्पल घालत होती. मी दारात उभा होतो.

“काका, घरी काय सांगू?”

दिवाळीपासून तयार असलेले वाक्य तोंडात होते. आमच्याकडे अशी रीत नाही. ते उच्चारले असते तर ती शांतपणे ‘बरं’ म्हणून गेली असती, आणि माझा मुलगा मला काही बोलला नसता. पण दुपारी एक वाक्य बोलून झाले होते. हे दुसरे त्याच हाताचे होते, हे मला दिसले. रीत कोणाची चालायची, हे मी जन्मावरून ठरवले होते आणि त्यातही माझ्या बाजूने काहीच वजा केले नव्हते.

“मी येतो,” मी म्हणालो. “वडिलांना सांग. मागणी घालायला येतो.”

तिचा चेहरा उजळला वगैरे नाही. ती सरळ उभी राहिली. “एकटे येऊ नका. दोन-तीन वडीलधारी लागतात. आणि वेळ ठेवून या. आमच्याकडे बसल्यावर घाई केलेली चालत नाही.”

“बरे.”

“आणि आज जे झालं ते मी घरी सांगणार आहे. लपवलं तर पुढं मलाच जड जाईल.”

“सांग.”

“बाबा तुमाले विचारतील,” ती म्हणाली. तोवर ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होती. “मंग काय सांगाल?”

“मी लिहिले, असे सांगीन.”

“मघा तं नाई सांगितलं तुमी. त्याच्यावर जाऊ दिलं.”

“नाही सांगितले,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला क्षमा मागता आली नाही. शब्द ठाऊक होता. तो माझ्या तोंडून कोणी ऐकलेला नाही, आणि त्या दिवशीही ऐकला नाही. तिने वाट पाहिली असावी. मग मुलगा किल्ली घेऊन आला आणि ते गेले.

मित्र आपली मोटारसायकल वळवत होता. मी फाटकापर्यंत गेलो.

“तुझ्या वडिलांना विचार,” मी म्हणालो. “धानोऱ्याकडे जायचे आहे, मुलीच्या घरी. माझ्याबरोबर येतील का?”

त्याने गाडी बंद केली. “माह्या बापाले नेता? छाप वजा दोनवाले चालतीन का जी तिथी?”

मी फाटक उघडून बाहेर आलो.

“इचारतो,” तो म्हणाला. “बुढा येईन. त्याले तिकडचे लोक मालूम आहेत. पण तुमी सोता येऊन इचारा ना. मी कायले सांगू?”

“येतो,” मी म्हणालो. त्याच वेळी त्याच्या गाडीवर मागे बसून त्याच्या घरी गेलो. म्हातारा अंगणात जाळे दुरुस्त करत होता. त्याने बसायला खाट दिली, सगळे ऐकून घेतले, आणि पोरीचे गाव कोणते, बाप काय करतो, एवढेच विचारले. येतो म्हणाला. पत्त्यांचे त्याला त्याच्या मुलाने नंतर सांगितले की नाही, मला माहीत नाही. त्याच्या मुलासमोर मी ते सांगायला हवे होते. चहा पिऊन परतलो.

चालत घरी येताना खाणीतले टेबल आठवत होते. माझे वाटप क्वचितच चुकले, असे मी निवृत्तीच्या भाषणातही म्हणालो होतो. चुकणार कसे? ज्याला भार उचलायला लावले तो भारच उचलत राहिला. त्याला आणखी काय येते, हे दिसायला मी जागा ठेवली नव्हती. मग मी त्याच्याकडे पाहून म्हणत असे, पाहा, भार उचलणारा माणूस आहे. माणसे जशी पाहिली तशी लिहिली, हे मी दुपारी म्हणालो ते खोटेही नव्हते. मी लावून दिलेल्या जागेवरच मी त्यांना पाहिले होते.

मुलगा परत आला तेव्हा दिवस मावळायचा होता. पत्ते सतरंजीवर तसेच पडले होते.

“काही बोलली का?” मी विचारले.

“बस लागलीच होती,” तो म्हणाला. ते उत्तर नव्हते आणि मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

“हे कुळगुण काढून टाक.”

“काढतो.” तो पत्ते गोळा करू लागला. “बऱ्याच खेळांत आता काढलेत. जन्माऐवजी कामावर देतात. लहानपणी कोणी काय केलं, त्याच्यावर. मोळ्या वाहिल्या असतील तर ताकद, जाळं टाकलं असेल तर चपळाई.”

मी विचार केला. “ते मला लिहायला देऊ नकोस,” मी म्हणालो. “मोळी म्हटले की मी पुन्हा तेच गाव डोळ्यापुढे आणीन. ज्याचे पात्र त्याला ठरवू दे, अधिक दोन कुठे लावायचे ते.”

“आणि वजा?”

“वजा कशाला हवे?”

“तुम्हीच म्हणाला होतात, समतोल.”

“म्हणालो होतो.”

तो हसला नाही, पण पत्ते त्याने माझ्या हातात दिले. मी ते फाडले. पुठ्ठा जाड होता. एका वेळी एकच फाटत होता. तो माझ्याशेजारी उभा राहून पाहत होता. मी त्याच्याशीही ते बोललो नाही, जे बोलायला हवे होते: की त्याने माझे स्वतःवर घेतले आणि मी घेऊ दिले. तो माझ्यासारखाच आहे. त्याने विचारले नाही.

मग मी अंगणात गेलो. धानोऱ्यापुढे रस्ता खराब आहे असे म्हातारा म्हणाला होता, आणि तिकडे टायर पंक्चर झाले तर दुकान सापडत नाही. गाडीची डिकी उघडली. स्टेपनी दाबून पाहिली. हवा कमी होती. पायपंप लावला आणि भरली.